नक्षीदार टफ्टेड कार्पेट: आराखड्यापासून पाठीच्या थरापर्यंत

टफ्टिंग हे मुळात शिवणकाम आहे. आधीच तयार असलेल्या कापडात सुईने सूत खुपसायचे, कापडाच्या खालच्या बाजूला त्या सुताचा लूप, म्हणजे फास, पकडायचा, सुई वर घ्यायची आणि कापड एक टाका पुढे सरकवायचे, एवढीच ही क्रिया आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन येथे कॅथरीन इव्हान्स यांनी १८९५ मध्ये याच तंत्राने हाताने पलंगपोस केला आणि पुढे त्या परिसरात शिलाई यंत्रांत फेरबदल करून घडवलेल्या यंत्रांतून आजचा टफ्टेड कार्पेटचा उद्योग उभा राहिला. वंश शिलाई यंत्राचा आहे हे ध्यानात ठेवले, तर या यंत्राची बहुतेक कोडी सुटतात.

विणलेल्या गालिच्यात उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंतणीतून कापड आणि नक्षी एकत्रच आकाराला येतात. टफ्टिंगमध्ये तसे होत नाही. एका पट्टीवर बसवलेल्या हजार-दीड हजार सुया एकाच वेळी खाली जातात आणि एकाच वेळी वर येतात. नेहमीच्या यंत्रात त्यांपैकी एखादीच निवडून थांबवता येत नाही. मग नक्षी येते कुठून? तिचे मार्ग तीन आहेत. प्रत्येक टाक्याला किती सूत द्यायचे, सुई कोणत्या जागी उतरवायची आणि लूप कापायचा की तसाच ठेवायचा. बाजारात नक्षीच्या यंत्रणांना कितीही वेगवेगळी नावे असली, तरी त्या या तिघांच्या जोडण्याच असतात, आणि तिघांतही सुताची लांबी हाच सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. पुढील सर्व पायऱ्या याच सूत्राने बांधलेल्या आहेत.

यंत्राची ओळख

मागच्या बाजूला क्रील असते. तिच्यावर सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळे, लावलेली असतात आणि प्रत्येक कोनापासून एक प्लास्टिकची नळी निघून यंत्राच्या माथ्यापर्यंत जाते. हवेच्या झोताने सूत या नळीतून पलीकडे पोहोचवता येते. माथ्यावर सूत पुरवणारे रोलर असतात. त्यांच्याखाली सुईपट्टीबरोबर वर-खाली होणारी सूतपट्टी असते, जी सुई वर येताना सैल पडणारे सूत सावरून धरते. मग सुया, त्यांच्याखाली अस्तराला, म्हणजे ज्यात सूत खुपसायचे त्या कापडाला, आधार देणारी पट्टी आणि त्याहून खाली लूप पकडणारे लूपर किंवा हुक. मूळ अस्तर यंत्राच्या पुढील आणि मागील बाजूंच्या काटेरी रोलरांमधून ताणलेल्या अवस्थेत सरकत राहते.

लूप ठेवायचा असेल तर लूपरचे टोक अस्तर सरकण्याच्या दिशेकडे असते, त्यामुळे अस्तर पुढे गेले की लूप आपोआप टोकावरून निसटतो. लूप कापायचा असेल तर हुकचे तोंड त्याच्या उलट दिशेला असते. लूप निसटू शकत नाहीत. ते हुकवर दोन-तीन जमतात, मागे सरकतात आणि हुकच्या कडेला घासणारी सुरी त्यांना एकामागून एक कापते. हा दिशेचा फरक नीट समजून घ्यावा, कारण लूप आणि कापलेली लव (लव म्हणजे कार्पेटच्या पृष्ठभागावरचे उभे सूत) एकाच कापडात आणणाऱ्या यंत्रणा यावरच उभ्या आहेत.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. लव अस्तराच्या खालच्या बाजूला तयार होते. यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराला वरून कार्पेटची पाठ दिसते, म्हणून आराखडा यंत्राला देताना तो डावा-उजवा उलटा झाला आहे की नाही हे तपासलेच पाहिजे. भौमितिक नक्षीत ही चूक लपून जाते. अक्षरे किंवा चिन्हे असलेल्या नक्षीत सगळा माल वाया जातो.

पहिली पायरी: घनतेचा आणि सुताचा हिशेब

दोन शेजारच्या सुयांमधील अंतराला गेज म्हणतात. १/१० इंच गेज म्हणजे दर इंचाला १० सुया, म्हणजे दोन सुयांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर. या गेजच्या १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंदीच्या यंत्रात १,४४० सुया बसतात. याशिवाय १/८, ५/३२ आणि ३/१६ इंच ही गेजही पुष्कळ वापरात आहेत. गेज यंत्रात पक्के झालेले असते, ते बदलायचे तर सुया, लूपर आणि सुऱ्या सगळेच बदलावे लागतात. लांबीच्या दिशेची घनता मात्र अस्तराच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे ती सहज बदलता येते.

सोबतचे उदाहरण पूर्ण लेखभर वापरू. गेज १/१० इंच, टाके दर १० सेंटिमीटरला ४०, सूत २,४०० डेसिटेक्स, म्हणजे १,००० मीटरला २४० ग्रॅम. एका चौरस मीटरमध्ये रुंदीच्या दिशेने सुमारे ३९४ ओळी आणि लांबीच्या दिशेने ४०० टाके, म्हणून १,५७,६०० लूप. नक्षी उंच आणि बुटक्या लूपांची आहे असे धरू. प्रत्येक लूपच्या दोन बाजू, पाठीवरचा टाका आणि अस्तरातून जाणारा भाग मिळून ७ मिलिमीटर उंचीच्या लूपला सुमारे १७.५ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर उंचीच्या लूपला सुमारे ९.५ मिलिमीटर सूत लागते. नक्षीत ४० टक्के लूप उंच आणि ६० टक्के बुटके असतील, तर सरासरी १२.७ मिलिमीटर येते. एका चौरस मीटरला सुमारे २,००० मीटर सूत, म्हणजे ४८० ग्रॅम लव.

हा हिशेब किंमत काढण्यापुरता नाही. नमुना काढल्यावर एक तुकडा कापून, त्यातील सूत उसवून मोजले की ते या आकड्याजवळ येते की नाही यावरून यंत्र खरोखर सांगितले तेवढे सूत देत आहे का हे कळते. नुसत्या डोळ्यांनी पाहून सूतपुरवठा ठरवणाऱ्या माणसाला हा फरक दिसत नाही, आणि नक्षी का धूसर येते याचे कारणही सापडत नाही.

दुसरी पायरी: नक्षीची पद्धत निवडणे

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे सूतपुरवठ्यावर नियंत्रण. सुईचा फेरा ठरलेला असतो, म्हणून लूपरवर पकडलेला लूप नेहमी पूर्ण उंचीचाच असतो. रोलरने कमी सूत दिले, तर पुढच्या फेऱ्याला खाली जाणारी सुई आपली गरज भागवण्यासाठी नुकत्याच झालेल्या मागच्या लूपमधून सूत ओढून घेते आणि तो लूप बुटका होतो. थोडक्यात, या टाक्याला दिलेल्या सुताचा परिणाम मागच्या टाक्यावर दिसतो. नवख्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण ते पटल्याशिवाय नक्षीच्या कडा स्वच्छ येत नाहीत. आराखड्यात उंच लूप जिथे संपतो, त्याच्या एक टाका आधी किंवा नंतर तो कापडात का संपतो, याचे उत्तर इथे आहे.

सूत नियंत्रित करण्याच्या यंत्रणांत फरक आहे तो बारकाईचा. जुन्या रचनेत क्लचच्या मदतीने दोन वेगांनी फिरणारे अनेक रोलर असत आणि प्रत्येक रोलरवरून यंत्राच्या संपूर्ण रुंदीत पसरलेल्या ठरावीक सुयांना नळ्यांमधून सूत जाई. १२० रोलर असतील तर १२० सुयांनंतर, म्हणजे १/१० इंच गेजला ३०.४८ सेंटिमीटरनंतर नक्षी पुन्हा सुरू होते आणि १२ फुटांत तिची १२ आवर्तने बसतात. पुढे क्लचची जागा सर्वो मोटरींनी, म्हणजे वेग अचूक बदलता येणाऱ्या मोटरींनी, घेतली, त्यामुळे दोनच नव्हे तर अनेक उंची मिळू लागल्या. आणि आता प्रत्येक सुताला स्वतंत्र छोटी मोटर असलेली यंत्रे आहेत, ज्यांत संपूर्ण रुंदीत एकही आवर्तन न होणारी नक्षी काढता येते.

दुसरी पद्धत सरकत्या सुईपट्टीची. सुया अस्तराच्या बाहेर असतानाच्या क्षणी संपूर्ण पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. खालचे लूपर आपल्या जागीच असल्यामुळे सरकणे त्या पट्टीच्या गेजच्या पूर्ण पटीतच व्हावे लागते, नाहीतर सुई आणि लूपर यांची गाठच पडत नाही. एका पट्टीने नागमोडी रेषा आणि तिरपे पट्टे मिळतात. दोन पट्ट्या, प्रत्येकीत वेगळ्या क्रमाने ओवलेले रंग आणि त्यांच्या विरुद्ध हालचाली यांतून चौकटी, शंकरपाळ्याचे आकार आणि जाळीदार भूमिती तयार होते. नक्षीशिवायही पट्टी थोडी सरकवत राहण्याचा मोठा फायदा आहे: एखाद्या कोनाचे सूत किंचित वेगळ्या छटेचे असेल तर त्याची सरळ लांब रेघ दिसण्याऐवजी ती दोन-तीन ओळींत विखुरते.

दोन पट्ट्यांच्या यंत्रात एक हिशेब हमखास चुकतो. पुढची आणि मागची पट्टी एकाच रेषेत नसतात. त्यांच्यात ६.३५ मिलिमीटर अंतर असेल आणि टाका २.५ मिलिमीटरचा असेल, तर दोन्ही पट्ट्यांच्या टाक्यांमध्ये २.५४ टाक्यांचा फरक पडतो. पूर्णांक नसल्यामुळे दोन्ही ओळींचे टाके कधीच एका आडव्या रेषेत येत नाहीत आणि रंगांची हद्द करवतीसारखी दिसते. दर १० सेंटिमीटरला टाके सुमारे ४७.२ किंवा ३१.५ ठेवले, तर हा फरक अनुक्रमे बरोबर ३ किंवा २ टाक्यांचा होतो आणि आराखड्यात एका पट्टीचा भाग तितके टाके पुढे-मागे केला की काम भागते. त्यामुळे अशा यंत्रावर टाक्यांची संख्या आधी सुईपट्ट्यांच्या अंतरावरून ठरवावी आणि मग वजनाकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी पद्धत लूप आणि कापलेली लव यांच्या मिश्रणाची. एका रचनेत हुकच्या तोंडाशी एक स्प्रिंगची पट्टी असते. सूत पुरेसे दिले तर लूप पट्टीच्या मागे अडकून राहतो आणि सुरीखाली जातो. सूत कमी दिले तर ताणलेला लूप पट्टी ढकलून निसटतो आणि लूपच राहतो. त्यामुळे या रचनेत कापलेली लव उंच आणि लूप बुटके असतात. दोन्ही एकाच उंचीचे हवे असतील, तर प्रत्येक हुकला हवेच्या दाबावर सरकणारे छोटे दार लागते आणि ते दार ठरवते की लूप हुकवर राहील की सुटेल. अशा कापडात रंग एकच असला तरी नक्षी दिसते, कारण कापलेले टोक प्रकाश शोषते आणि लूप तो परावर्तित करतो. ही यंत्रणा देखभालीच्या बाबतीत नाजूक आहे. तंतूंचा कचरा दारात साचला की त्या ओळीची नक्षी बिघडते.

चौथी पद्धत हवा तो रंग हव्या त्या जागी आणण्याची. सुयांत चार रंगांची सुते क्रमाने ओवलेली असतात आणि प्रत्येक जागेवर चारही रंगांच्या सुया आळीपाळीने येतील अशी पट्टी सरकत राहते. ज्या रंगाची गरज आहे त्याला पूर्ण सूत मिळते. बाकीच्यांचे सूत इतके कमी दिले जाते की ते अस्तरालगत बुडून जातात किंवा पूर्णच मागे ओढले जातात. अर्थात चार रंगांसाठी अस्तराला चौपट सावकाश चालावे लागते. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगाने आपल्या उदाहरणातील साधे कापड मिनिटाला २.५ मीटर निघेल, तर चार रंगांचे कापड ०.६२५ मीटरच निघेल. याशिवाय प्रत्येक सुई स्वतंत्रपणे पट्टीला जोडता किंवा सोडता येते अशीही यंत्रे आहेत. त्यांत फक्त निवडलेली सुईच खाली जाते आणि सुताची बचत होते, पण यंत्र अधिक गुंतागुंतीचे असते. हातात धरायची टफ्टिंग गन आणि एकाच सुईचा यंत्रमानव ही साधने मोठ्या एकसंध चित्रांच्या छोट्या मालासाठी उत्तम आहेत. लांब मालासाठी त्यांचा विचार करू नये.

नवीन काम उभारणाऱ्याने सूतपुरवठ्याच्या नियंत्रणापासून सुरुवात करावी. ती पद्धत पक्की झाली की बाकी सगळ्या पद्धती समजतात, कारण त्यांच्या मुळाशी तीच आहे.

तिसरी पायरी: आराखडा चौकटीवर उतरवणे

चौकटीतील प्रत्येक घर म्हणजे एक टाका. घराची रुंदी गेजवरून आणि लांबी टाक्यांवरून ठरते. आपल्या उदाहरणात ती २.५४ आणि २.५ मिलिमीटर आहे, म्हणजे घर जवळजवळ चौरस आहे आणि काढलेले वर्तुळ कापडात वर्तुळच दिसते. टाके वाढवून ४८ केले की घराची लांबी २.०८ मिलिमीटरवर येते आणि तेच वर्तुळ सुमारे १८ टक्के चपटे होते. घनता वाढवा असे ग्राहकाने सांगितल्यावर आराखडा तसाच ठेवून यंत्रात फक्त टाके बदलणे ही फार सामान्य चूक आहे. आराखडा नव्या प्रमाणात पुन्हा काढावाच लागतो.

एका टाक्याचे सुटे ठिपके आणि एका ओळीच्या बारीक उभ्या रेषा टाळाव्यात. एकटा उंच लूप शेजाऱ्यांच्या आधाराशिवाय झुकतो आणि एकटा बुटका लूप उंच लव त्याच्यावर पडून झाकला जातो. किमान दोन ओळी आणि दोन टाके हा आकार टिकतो. मोठी बुटकी क्षेत्रेही विचारपूर्वक ठेवावीत, कारण तिथे लव विरळ दिसते आणि अस्तराचा रंग डोकावू शकतो. अस्तर सुताच्या छटेजवळच्या रंगाचे घेतले तर हा दोष बराचसा झाकतो.

चौथी पायरी: अस्तर आणि सूत

मूळ अस्तर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या सपाट पट्ट्यांचे विणलेले कापड असते. ते मजबूत आणि स्वस्त आहे, पण बारीक गेजमध्ये सुई पट्टीवर आदळून किंचित बाजूला सरकते आणि ओळी थरथरल्यासारख्या दिसतात. बारीक आणि अचूक नक्षीसाठी पॉलिएस्टरच्या न विणलेल्या अस्तराचा खर्च सार्थकी लागतो, कारण सुईला त्यात कुठेही सारखाच अडथळा होतो आणि अस्तराचे मापही स्थिर राहते. सरकत्या सुईपट्टीच्या कामात तर हा फरक उघड दिसतो.

सूत नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा लोकरीचे असू शकते. पीळ दिलेले कृत्रिम सूत उष्णतेने पक्के केलेले असावे, विशेषतः कापलेल्या लवेसाठी, अन्यथा टोके उसवून नक्षीच्या कडा पसरतात. एका मालासाठी एकाच खेपेत रंगवलेले सूत वापरावे.

सूत कोनांवरूनच घ्यावे. बीमवर, म्हणजे अनेक सुते एकत्र गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर, सर्व सुते एकाच लांबीची असतात आणि नक्षीत प्रत्येक सुईला लागणारे सूत वेगळे असते. आपल्या उदाहरणात १०० मीटर कार्पेटसाठी सतत उंच लूप करणारी सुई ७०० मीटर सूत घेईल आणि सतत बुटके लूप करणारी ३८० मीटर. आराखड्यावरून प्रत्येक सुईचा खप काढून, ज्यांचा खप जास्त त्यांच्यासाठी जोडकोन आधीच तयार ठेवावेत आणि चालू कोनाचे शेवटचे टोक पुढच्या कोनाच्या सुरुवातीच्या टोकाला जोडून ठेवावे. जोड हवेच्या दाबाने केलेला असेल तर सुईच्या नाकातून सहज जातो. जाड गाठ सूत तोडते.

नळ्यांकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण नक्षीचा एकसारखेपणा त्यांच्यावर अवलंबून आहे. एका रोलरवरून निघालेली १२ सुते यंत्राच्या १२ ठिकाणी जातात. कुणाची नळी लांब, कुणाची आखूड आणि वळणाची असेल तर प्रत्येकाचा ताण वेगळा होतो आणि रोलरने सारखेच सूत दिले तरी एका आवर्तनातील फूल ठसठशीत आणि शेजारचे फिके येते. नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या ठेवाव्यात आणि आतून स्वच्छ असाव्यात.

पाचवी पायरी: यंत्र जुळवणे आणि आधी सपाट कापड काढणे

सर्व सुया एकाच उंचीवर, सरळ आणि धारदार आहेत हे सुईपट्टीला सरळ मोजपट्टी लावून पाहावे. सुई सर्वांत खालच्या बिंदूवरून किंचित वर येऊ लागली की सूत तिच्या बाजूला थोडे फुगते. नेमक्या त्या क्षणी लूपरचे टोक सुईच्या नाकाच्या वरच्या खोलगट भागाजवळून जायला हवे. टोक सुईला फार दाबले तर दोन्ही झिजतात आणि दूर राहिले तर लूप सुटतो. लवेची उंची अस्तराला आधार देणारी पट्टी वर-खाली करून बदलतात, आणि प्रत्येक बदलानंतर सुईचा फेरा व लूपरची वेळ पुन्हा तपासावी लागते. कापलेल्या लवेत सुरी आणि हुक कात्रीच्या पात्यांसारखे घासले पाहिजेत. सुरी बोथट किंवा चुकीच्या कोनात असेल तर लूपच्या दोन बाजू असमान कापल्या जातात, एक टोक लांब आणि एक आखूड उरते, आणि कार्पेटचा पृष्ठभाग कितीही छाटला तरी खरखरीत दिसतो.

आता सर्व सुतांना सारखाच पुरवठा देऊन तीन-चार मीटर सपाट लूपचे कापड काढावे. ही पायरी वगळण्याचा मोह प्रत्येक वेळी होतो, आणि ती वगळू नये असे मी आग्रहाने सांगतो. सपाट कापडात बुटकी ओळ दिसली तर तिचे कारण नळी, सुई, लूपर किंवा कोन यांपैकी एक असणार हे ठरलेले असते आणि ते दहा मिनिटांत सापडते. तीच ओळ नक्षीत लपली तर आराखडा, मोटर आणि प्रोग्राम तपासण्यात दिवस जातो. कापड उजेडासमोर धरून रिकाम्या ओळी पाहाव्यात आणि डाव्या, मधल्या व उजव्या भागातून उसवलेल्या सुताची लांबी मोजून तुलना करावी.

सहावी पायरी: नक्षीची चाचणी

प्रथम फुलापानांचा आराखडा न लावता चाचणीची साधी पट्टी लावावी: दहा टाके उंच, दहा बुटके, मग पाच-पाच, मग दोन-दोन. हा तुकडा कडेने कापून पाहिला की उंचीतील पायरी स्पष्ट दिसते. बदल एका टाक्यात झाला तर यंत्रणा ठीक आहे. दोन-तीन मधल्या उंचीचे लूप येऊन उतार तयार झाला असेल, तर मोटरीला वेग बदलायला वेळ लागत आहे किंवा नळीतील सैल सूत बदल शोषून घेत आहे. उपाय तीन आहेत. सैल सूत कमी करणे, यंत्राचा वेग उतरवणे आणि बदलाच्या एका टाक्यापुरता पुरवठा मुद्दाम वाढवणे किंवा घटवणे. उंचावरून बुटक्यावर जाताना त्या टाक्याला नेहमीच्या बुटक्या टाक्यापेक्षाही कमी सूत देतात आणि उलट दिशेने जाताना नेहमीच्या उंच टाक्यापेक्षा जास्त. किती, हे प्रत्येक सुतासाठी चाचणीनेच ठरते, कारण लवचीक सूत ताणले जाऊन कमतरता लपवते आणि नंतर आकसते. बुटक्या लूपचे सूत हव्यापेक्षा कमी करत गेल्यास लूप अस्तरातून उपसून निघतो किंवा सूत तुटते. तो बिंदू कुठे आहे हे चाचणीतच शोधून त्याच्या पुरेसे वर राहावे.

यानंतर खरा आराखडा लावून दोन पूर्ण आवर्तने काढावीत. वेग हळूहळू वाढवावा, आणि नक्षी जिथे मऊ पडू लागते त्याच्या खालचा वेग कायम करावा.

सातवी पायरी: चालू माल आणि दुरुस्ती

सूत तुटल्यावर यंत्र थांबवणारी सेन्सरची यंत्रणा असली तरी कारागिराची नजर लागतेच, कारण नक्षीत एक हरवलेली ओळ लगेच उठून दिसत नाही. प्रत्येक थांब्याच्या जागी एक आडवी रेघ पडण्याची शक्यता असते, म्हणून यंत्र सुरू करताना अस्तर आणि सूतपुरवठा एकाच वेळी गती घेतात का हे पाहावे. यंत्रावरून उतरलेला माल उजेडाच्या टेबलावरून जातो आणि हरवलेल्या ओळी हातातल्या एक सुईच्या गनने भरल्या जातात. भरणाऱ्याजवळ आराखड्याची प्रत असायला हवी, कारण त्याला उंच आणि बुटके लूप मोजून घालायचे असतात.

उंच-बुटक्या लूपांच्या कापडात फक्त उंच लूपांची टोके छाटून लूप आणि कापलेली लव यांचा आभासही निर्माण करता येतो. त्यासाठी सर्व उंच लूप अचूक एकाच पातळीवर लागतात. एक मिलिमीटरचा चढउतारही छाटणीत डागासारखा दिसतो.

आठवी पायरी: पाठ लावणे

या टप्प्यापर्यंत लूप अस्तरात केवळ घर्षणाने धरलेले असतात, बोटाने ओढले तर पूर्ण ओळ उसवते. म्हणून पाठीवर कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेल्या स्टायरीन-ब्युटाडीन लेटेक्सचा थर देतात, त्यावर जाळीदार दुय्यम अस्तर चिकटवतात आणि माल भट्टीतून नेऊन थर वाळवून पक्का करतात. लेटेक्स सुताच्या तंतूंमध्ये शिरले पाहिजे. नुसते वर पसरले तर लूप सुटा उपसतो आणि कापलेल्या लवेचे तंतू गळत राहतात. लूप उपसायला किती बल लागते हे आयएसओ ४९१९ किंवा एएसटीएम डी १३३५ या चाचणीने मोजतात. उंच आणि बुटक्या, दोन्ही भागांतून नमुने घ्यावेत, तसेच सुईपट्टी जास्त सरकते त्या भागातूनही, कारण तिथे पाठीवरचे टाके तिरपे आणि लांब असतात व लेटेक्सचा थर वेगळा बसतो.

नक्षीच्या दृष्टीने खरी परीक्षा भट्टीत असते. माल ओला आणि गरम असताना ओढला जातो. ३० सेंटिमीटरच्या आवर्तनात एक टक्का ताण म्हणजे ३ मिलिमीटर, आणि दहा आवर्तनांनंतर ३ सेंटिमीटर. इतक्या फरकाने शेजारी अंथरलेल्या दोन पट्ट्यांची नक्षी जुळणे अशक्य असते. म्हणून एकच आवर्तन न मोजता सलग दहा आवर्तने मोजावीत, भट्टीत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर, दोन्ही कडांना आणि मध्यभागी. मध्यभाग मागे राहिला तर आडव्या रेषा कमानीसारख्या वाकतात, एक कड पुढे गेली तर त्या तिरक्या होतात. दोन्ही दोष माल भट्टीत शिरताना कडांच्या साखळ्यांचा वेग आणि पुरवठ्याचे रोलर जुळवून सुधारता येतात. थर पक्का झाल्यावर काहीही करता येत नाही. भट्टीत माल दर वेळी ठरावीक टक्के ताणला जात असेल, तर आराखड्याच्या लांबीत तेवढी घट किंवा दर १० सेंटिमीटरच्या टाक्यांत तेवढी वाढ आधीच धरावी.

प्रत्येक मालासाठी गेज, टाके, लवेची उंची, सुताची खेप, उंच व बुटक्या टाक्यांचा पुरवठा, बदलाच्या टाक्याची दुरुस्ती, वेग आणि दहा आवर्तनांची दोन्ही मापे एका पानावर लिहून नमुन्याच्या तुकड्याला जोडून ठेवावीत. वर्षभराने तीच नक्षी पुन्हा मागितली गेली की सुरुवात त्या पानापासून करावी, आणि यंत्र मधल्या काळात बदललेले असू शकते म्हणून आधी तीन-चार मीटर सपाट कापड काढून पाहावे.